शर्टाच्या खिशातले कान

४ मार्च

मामा,

तुम्ही दोघं घरी पोहोचलात, हे मामींनी फोनवर सांगितलं. तुझ्याशी फोनवर बोलायचा प्रयत्न मी आता करणार नाही. तुला नीट ऐकू येत नाही म्हणून मी आवाज चढवते आणि तुला वाटतं मी भांडतेय. परवा तू मला "एवढं चिडायचं असेल तर ठेव फोन" म्हणालास. मी फक्त बॅटरी कुठल्या खणात ठेवली आहे ते सांगत होते. तेव्हा यापुढे पत्र.

तुझ्या कानांचा आलेख मी समोर ठेवला आहे. डावीकडे सपाट रस्ता आणि उजवीकडे एकदम दरी, असा तो दिसतो. म्हणजे खालचे, जाड आवाज तुला बरे ऐकू येतात: इंजिन, दार, पुरुषांचं बोलणं. वरचे, बारीक आवाज जवळजवळ येतच नाहीत: पक्षी, चमचा, मामी. कानातलं मशीन हे वरचे आवाज उचलून तुझ्यापर्यंत आणतं. बोलणं समजावं अशा बेताने मी ते बसवलं आहे. इथे माझ्या खोलीत ते सारखी शिट्टी मारत होतं, म्हणून शिट्टी दाबायची जी सोय त्यात असते ती मी पूर्ण वर नेली आहे. आता शिट्टी येणार नाही.

सुरुवातीला घरातच घाल. सवय झाली की रस्त्यावर, मग बाजारात. कानात नवीन काय येतंय ते मला लिहून कळव. खरं लिही. "मस्त चाललंय" या उत्तराचा मला उपयोग नाही.

भाची

१५ मार्च

प्रिय मोजपट्टी,

पत्र असं सुरू करायचं असतं. आधी प्रिय म्हणायचं, मग कसा आहेस विचारायचं, मग बॅटरी. तुझी आईही लहानपणापासून अशीच. काम असेल तरच मला हाक मारायची.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आमचा फ्रिज गुणगुणतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं की कोणी शेजारी फांदी मोडतंय असं वाटून मी दचकतो. माझ्या चपलांना आवाज आहे. आणि सगळ्यात मोठी बातमी म्हणजे तुझी मामी पुटपुटते. मी समजत होतो, अबोल बाई आहे. अगं, भांडी लावता लावता माझ्यावर संपूर्ण भाषण चालू असतं! काल मी आतल्या खोलीतून त्यातल्या एका मुद्द्याला उत्तर दिलं, तर तिच्या हातातली वाटी पडली. तीही ऐकू आली.

रविवारचा करार अजून चालू आहे. लग्न झालं त्या वर्षी ठरलं होतं, संध्याकाळी रेकॉर्डची एक बाजू माझी, एक बाजू तिची. माझी कंट्रीची गाणी, तिचा ऑपेरा. मी आयुष्यभर ट्रक चालवला, मला दुसरं काय आवडणार? एक माणूस, एक गिटार, लांब रस्ता. त्याची बायको जाते, मग कुत्रा जातो, मग ट्रक बंद पडतो, आणि रडतो तो ट्रकसाठी. मला ते पटतं. ऑपेरात उलट. तिथे बाईला क्षय झालेला असतो, अंथरुणातून उठवत नाही, पण गायला फुप्फुसं शाबूत. मरायला ती पाऊण तास घेते, आणि शेवटी एक सूर असा लांबवते की आपल्यालाच धाप लागावी. सुरुवातीला मी हसायचो. मग कधीतरी हसायचं थांबलो, कधी ते आठवत नाही.

आता खरी गोष्ट. नाट्यगृहाने तुझ्या मामीला निवृत्तीची भेट म्हणून दोन तिकिटं दिली आहेत, २४ मेची, पुढून चौथी रांग. तोच तिचा लाडका ऑपेरा. पोशाखांच्या खोलीत तिने सगळी नोकरी काढली, राण्या आणि मोलकरणी सगळ्या तिच्या सुईखालून गेल्या, पण एकही खेळ तिने समोर बसून पाहिलेला नाही. जे ऐकलं ते खोलीच्या भिंतीवरच्या एवढ्याशा स्पीकरवर, हाक आली की धावायला सोपं जावं म्हणून लावलेल्या. कॅलेंडरवर तिने त्या तारखेला कापडावर खुणा करायच्या खडूने गोल केलाय. रोज तो थोडा पुसला जातो, रोज ती परत काढते.

तुझं आवडतं गाणं कोणतं गं? ट्रकच्या केबिनमध्ये माझ्या शेजारी बसायचीस तेव्हा तुझे पाय खाली टेकत नव्हते, पण मला सांगायचीस, "मामा, तू चुकीचं गातोस." त्यानंतर गाण्याबद्दल तुझ्या तोंडून एक शब्द ऐकला नाही. अर्थात मला ऐकूच येत नव्हतं, तू म्हटला असशीलही.

एकूण मस्त चाललंय.

तुझा मामा
(दोन्ही कान चालू)

२२ मार्च

मामा,

तू चुकीचं गात होतास हे खरं आहे. नदीवरच्या पुलाचं ते गाणं. त्याच्या शेवटच्या ओळीत सूर बराच खाली उतरायला निघतो आणि तिथे तू कधीच पोहोचला नाहीस. पोहोचायची वेळ आली की गिअर बदलायचास, त्या खडखडाटात सूर लागला की नाही हे कोणाला कळू नये म्हणून. मला कळायचं.

आवडतं गाणं नाही. माझं काम तू पाहिलं आहेस. बंद खोलीत माणसाला बसवते, त्याच्या कानात एकेक सूर सोडते आणि त्याला ऐकू आला की बटण दाबायला सांगते. त्या सुरांना मागे-पुढे काही नसतं. दिवसभर ते ऐकून घरी गेल्यावर मला शांतता लागते. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. तूही सुट्टीच्या दिवशी ट्रकमध्ये जाऊन बसत नव्हतास.

फ्रिज, चपला आणि वाटी यांची नोंद घेतली. पण रविवारचं वर्णन करताना तू गाण्यांबद्दल लिहिलंस, ती आता कशी ऐकू येतात ते लिहिलं नाहीस. ते हवं आहे.

भाची

६ एप्रिल

बाळा,

हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. ते केस कापायला गेलेत आणि तिथे गप्पा मारून येतील, आता ऐकू येतं ना.

तुझ्या मशीनचे उपकार आहेत, घरातलं ओरडणं थांबलं. पण एक सांगते. मागच्या काही रविवारी मी बघतेय. माझी बाजू लावली की थोड्या वेळाने यांचा हात कानाकडे जातो, खाजवल्यासारखं करतात, आणि मशीन हळूच शर्टाच्या खिशात. मग डोळे मिटून मान हलवत बसतात, "वा, वा" करत. मी शिवणारी बाई आहे. माणसाच्या खिशात काही पडलं की कापडाचा झोल बदलतो, ते मला पाठ फिरवूनसुद्धा कळतं. माझी बाजू संपली की दोन्ही परत कानात, आणि मग त्या ट्रकवाल्याचं रडगाणं अगदी पुढे वाकून ऐकायचं!

मला काय वाटतं ते लिहिते. इतकी वर्षं यांना नीट ऐकू येत नव्हतं म्हणून माझा ऑपेरा चालून गेला. आता नीट ऐकू आलं आणि लक्षात आलं की हे आपल्याला आवडत नाही. त्यात त्यांचा काय दोष? मी रागावलेली नाही. फक्त या रविवारी मी माझी बाजू लावलीच नाही, डोकं दुखतंय म्हटलं. त्यांनी आग्रहही केला नाही.

दुसरं तिकीट मी ग्रंथालयातल्या बाईंना देणार आहे. शेजारी कोणाला जबरदस्तीने बसवलंय हे माहीत असलं की मला कसलं गाणं ऐकू येणार? तुला तो शेवटचा लांब सूर माहीत नसेल. त्याच्या आधी गायिका आत यायची आणि मी तिच्या पाठीचे तीन हूक सोडायचे. एवढा श्वास मावायला जागा नको का? ती परत गेली की मी स्पीकरखाली जाऊन उभी राहायचे. सूर संपला की इस्त्री हातात. आयुष्यभर तो उभ्याने ऐकला. एकदा बसून ऐकायचा होता, यांच्या शेजारी. असो.

तू एवढंच कळव, मशीन लागल्यावर माणसाची आवड बदलते का? हो की नाही. लांबलचक शास्त्र नको. आणि यांना यातलं काही कळू देऊ नकोस.

मामी

११ एप्रिल

मामी,

हो की नाही असं उत्तर देता येत नाही. आवड मोजण्याचं साधन माझ्याकडे नाही. मामा खिशात मशीन का ठेवतो ते मला अजून माहीत नाही. माहीत होईपर्यंत तिकीट कोणाला देऊ नका.

भाची

११ एप्रिल

मामा,

मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही, म्हणून मी अंदाज करते. तुझ्यासारख्या कानांना मोठे आवाज पटकन बोचतात. ऑपेरातली गायिका एका क्षणात हळू आवाजातून फार मोठ्या आवाजात जाते. ते सहन होत नसेल आणि त्यामुळे मशीन काढून ठेवावंसं वाटत असेल, तर तसं लिही. आवाज कमी करायची कळ उजव्या मशीनवर आहे, ती दाबून बघ. लाजण्यासारखं त्यात काही नाही. बऱ्याच जणांना असं होतं.

भाची

१९ एप्रिल

प्रिय मोजपट्टी,

मी मशीन काढतो हे तुला कोणी सांगितलं? कोणी सांगितलं नसणार, तू तिथे बसल्या बसल्या मोजलं असशील. तुझ्यापासून काही लपत नाही, हे तुझ्या आईला मी तू चार वर्षांची असतानाच सांगितलं होतं.

मोठ्या आवाजाचं काही नाही गं. चौदा चाकांच्या गाडीत आयुष्य गेलंय, आवाजाला मी भीत नाही. वेगळंच आहे. कसं लिहू कळत नाही.

त्या बाईचं गाणं खराब आहे.

हसू नकोस. शब्द पटपट म्हणते तोवर ठीक असते. पण एक सूर धरून ठेवला की गेली. तो सूर आधी थरथरतो, मग दुमडतो, मग त्याच्या मागून दुसराच एक सूर पळत येतो, जणू पाण्याच्या टाकीत डोकं घालून शेळी गातेय. मला आधी वाटलं रेकॉर्ड झिजली. दुसरी लावली, दुसरी बाई, तीच शेळी. माझी गाणी लावली तर एकदम झकास. तो माणूस काय म्हणतोय ते मला आयुष्यात पहिल्यांदा नीट कळलं. त्याचा कुत्रा गेला नव्हताच, शेजाऱ्याकडे होता! म्हणजे मशीन चांगलं आहे. मग उरलं काय? उरली ती बाई.

मी विचार केला आणि मला कळलं. ती अशीच गाते. माझे बिघडलेले कान इतकी वर्षं तिला सांभाळून घेत होते. मशीन काढलं की ती परत येते, लांबून, भिंतीपलीकडून, पण सरळ, एका दमात. मला तीच हवी आहे. म्हणून काढतो.

आता हे तुझ्या मामीला कोण सांगणार? जिच्यासाठी तिने हूक सोडले ती शेळीसारखी गात होती म्हणून? मी नाही सांगणार. २४ मेला मशीन खिशात घालून चौथ्या रांगेत बसेन, काही येईल काही नाही येणार, मान हलवीन. ट्रकच्या मालकाचं ऐकल्यासारखं करून मी नोकरी पुरी केली, तीन तास काय मोठं? फक्त हल्ली तिचंच डोकं दुखतं रविवारी. मला हायसं वाटतं आणि मग वाईट वाटतं.

तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा मामा
(रविवारी संध्याकाळी कान बंद)

२३ एप्रिल

मामा,

ती बाई तशी गात नाही.

तुझं पत्र वाचून मी जुन्या सामानाच्या दुकानातून ऑपेराची एक रेकॉर्ड आणि ती वाजवायचं यंत्र आणलं. तुझ्याच जातीचं मशीन घेतलं, त्यात तुझेच आकडे भरले, ते आमच्या खोलीतल्या रबरी कानात बसवलं आणि नळीने स्वतःच्या कानाला जोडलं. शेळी मलाही ऐकू आली. वर्णन अचूक होतं, टाकीसकट.

कारण सांगते. मशीन स्वतः शिट्टी मारतं तेव्हा तो आवाज उंच, सरळ आणि न थांबणारा असतो. गायिका शेवटचा सूर धरते तेव्हा तोही उंच, सरळ आणि न थांबणारा असतो. मशीनला दोघींमधला फरक कळत नाही. त्याला वाटतं आपणच शिट्टी मारतोय, आणि ते घाईघाईने तो सूर दाबायला जातं. सूर दबत नाही, कारण तो बाहेरून येतोय. मग हे परत दाबतं. तू ऐकतोस ती ही झटापट. तुझा गिटारवाला गातो कमी आणि सांगतो जास्त, त्याचा कुठलाच सूर इतका टिकत नाही, म्हणून तो सुटला.

शिट्टी दाबायची सोय मी पूर्ण वर नेली होती. चूक माझी. हे पुस्तकात दिलेलं असतं. तुझी तपासणी करताना मी तुझ्याशी बोलले, चमचा वाजवला, कागद चुरगळला. गाणं लावलं नाही, कारण माझ्या खोलीत गाणं नसतंच.

मग ती सोय बंद केली आणि पहिल्यापासून लावलं. आता सूर सरळ आला. तो बराच वेळ चालतो, तू म्हणतोस तसा. त्यानंतर मी रेकॉर्ड उलटून दुसरी बाजूही ऐकली. तपासणीसाठी त्याची गरज नव्हती.

मशीन डब्यात घालून लगेच पाठव. गाण्यासाठी त्यात वेगळा प्रोग्रॅम घालून देते.

भाची

२३ एप्रिल

मामी,

कारण सापडलं. सगळं सांगायला मला मनाई आहे, तुम्हालाही माझ्यावर तशीच मनाई घालायची सवय आहे. मशीन बसवणारी म्हणून एवढंच सांगते. बिघाड मशीनमध्ये आहे, तो मी केलेला आहे आणि मी काढणार आहे. मामा तुमच्या गाण्याच्या वेळी मशीन काढतो ते गाणं टाळायला नाही. ऐकायला काढतो.

तिकीट त्याचं आहे.

भाची

३० एप्रिल

बाळा,

चार ओळींचं पत्र लिहितेस आणि माणसाला खुर्चीत बसायला लावतेस. शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि नंतर या वयात स्वयंपाकघरात उगाच हसत उभी राहिले. तेवढ्यात हे आले आणि म्हणाले, "आज पुटपुट नाही? बरं नाही का तुला?"

ग्रंथालयातल्या बाईंना मी तिकिटाबद्दल बोलून बसले होते. त्यांनी शाल धुऊन ठेवली होती. आता त्यांना चहाला बोलावून काहीतरी सांगेन. काय सांगू ते तूच सुचव, तुला खरं सोडून काही सुचत नाही हे माहीत असूनही विचारतेय.

दुसरी अडचण. हे मशीन पाठवायला तयार नाहीत. "एकदा डब्यात गेलं की टपालवाले ते कुठल्या गावाला पोचवतील सांगता येत नाही, मी ट्रकवाला आहे, मला विचार," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, खरं कारण सांगा. तर म्हणे, तू काय बोलतेस ते आत्ता कुठे ऐकू यायला लागलंय, आठवडाभर नाही ऐकलं तर धागा तुटेल. मालिका आहे का मी?

तेव्हा तूच ये. तुझी ती पेटी घेऊन ये. जेवणाचं टेबल रिकामं करून ठेवते.

मामी

१४ मे

मामा आणि मामी,

मी पोहोचले. पेटी शाबूत आहे. मामींनी जिन्यात माझ्या पिशवीत जे काही कोंबलं ते मला इथे येऊन कळलं. आभार.

परवा जे झालं त्याबद्दल एक नोंद. टेबलावर मशीन जोडून मी रेकॉर्ड लावली, लांब सूर आला आणि संपला, तोपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं. त्यानंतर मामा पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ आला नाही. मग दारात उभा राहून मामींना म्हणाला, "अगं, ही तर सरळ गाते!" मामी म्हणाल्या, "म्हणजे? वाकडी कधी गात होती?" आणि मग शेळी, टाकी, खिसा, डोकेदुखी, ग्रंथालयातल्या बाई हे सगळं एकाच वेळी बाहेर पडलं. त्यात माझं नाव दोघांनीही घेतलं. दोघांनी मला एकमेकांपासून गोष्टी लपवायला सांगितल्या होत्या आणि मी त्या लपवल्या, हा माझा गुन्हा कसा होतो ते मला अजून समजलेलं नाही. पण तुम्ही दोघं हसत होतात, म्हणून मी वाद घातला नाही.

आता २४ तारखेबद्दल. नाट्यगृहात बसल्यावर उजव्या मशीनची कळ दोन टिकटिक ऐकू येईपर्यंत दाबून ठेव, म्हणजे गाण्याचा प्रोग्रॅम सुरू होईल. तो दोन्ही कानांत एकदम लागतो. या प्रोग्रॅममध्ये शिट्टी दाबायची सोय बंद आहे. याचा अर्थ, कानाच्या अगदी जवळ काही आलं तर मशीन शिट्टी मारणार, आणि ती चौथ्या रांगेतच नाही, चौदाव्या रांगेतही ऐकू जाईल. म्हणून कानाजवळ काही आणायचं नाही. हात नाही, टोपी नाही, भिंत नाही, मामी नाहीत. काही सांगायचं असेल तर मध्यंतरात.

हे गमतीने लिहिलेलं नाही.

भाची

२६ मे

प्रिय मोजपट्टी,

आता नीट बस. मी तुला तपासणीचा अहवाल देतो, तुझ्याच पद्धतीने.

कळ दाबली. दोन टिकटिक आल्या. मामी डावीकडे. तिने निळा पोशाख घातला होता, स्वतः शिवलेला, आणि बसल्या बसल्या पुढच्या बाईच्या कॉलरची शिवण कशी सुटलीय ते मला सांगितलं. मी म्हटलं, मध्यंतरात. पडदा वर गेला आणि ती गप्प झाली ती झालीच. पहिल्यांदा मला वाटलं, हिला गाणं आवडत नाहीये. मग बघितलं तर ती गाणं ऐकतच नव्हती, बघत होती. त्या खोलीत उभी राहून जे कपडे तिने लटकलेले पाहिले ते आता चालत होते, बसत होते, भांडत होते. मोलकरणीचा एप्रन पहिल्यांदा प्रकाशात आला तेव्हा ती अशी पुढे झाली, जशी आपलं पोर शाळेच्या नाटकात आल्यावर आई होते.

मध्यंतरात मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "स्पीकरपेक्षा मोठं आहे." बस, एवढंच. तू तिची भाची शोभतेस, माझी नाही.

मग शेवटचा अंक. बाई अंथरुणावर, नेहमीप्रमाणे मरतेय. मी तयारीत. आणि त्या लांब सुराच्या थोडं आधी मला डावीकडून एक आवाज आला. बारीक, मशीन नसतं तर कधीच आला नसता. तुझी मामी श्वास घेत होती. तिकडे गायिकेने घेतला, इकडे हिने घेतला, एकाच वेळी, अगदी पोट भरून. आणि तिची बोटं माझ्या बाहीवर, एक, दोन, तीन, हूक सोडल्यासारखी. तिला स्वतःला पत्ता नव्हता.

सूर सुरू झाला. सरळ. कुठेही शेळी नाही. तुझी चूक तू दुरुस्त केलीस एवढं लिहितो, जास्त लिहिलं तर तू पत्र परत पाठवशील.

आणि मग, बये, तुझ्या मामीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

तू लिहिलं होतंस. मामी नाहीत, असं स्पष्ट लिहिलं होतंस. शिट्टी अशी वाजली म्हणतेस! गायिकेच्या सुराच्या जरा वर, तशीच सरळ, तशीच न थांबणारी. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळले, पण माझ्याकडे बघायला नाही. ते वर बघत होते, बाल्कनीत अजून कोणी गायला उभं आहे का म्हणून. मामीने डोकं उचलायला हवं होतं. तिने ऐकलं, मला माहीत आहे तिने ऐकलं. उचललं नाही.

मग मी काय करणार? डाव्या कानातलं काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. शिट्टी बंद. उजव्या कानाने बाकीचा सूर ऐकला, शेवटपर्यंत. डाव्या कानाला तुझी मामी होती.

घरी येताना ती म्हणाली, "खिशात टाकलंत ते मी बघितलं." मी म्हटलं, "मग?" म्हणाली, "मग काही नाही."

आता तू सांग. मार्चमध्ये एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तू "नाही" असं दिलंस. ते मी धरत नाही. तू टपालाने पाठवलेलं कुठलंही पहिलं उत्तर मी धरत नाही.

तुझा मामा
(उजवा कान चालू, डावा गरजेप्रमाणे)

३ जून

प्रिय मामा,

कसा आहेस?

अहवाल मिळाला. शिट्टी वाजणं अपेक्षित होतं, मशीनमध्ये दोष नाही. डावं मशीन काढण्याचा निर्णय त्या परिस्थितीत योग्य होता. मामींना सांग, पुढच्या वेळी त्यांना उजवीकडे बसायचं असेल तर आधी कळवा, मी आकडे बदलून देईन.

त्या जुन्या सामानाच्या दुकानात मी परत गेले होते. ऑपेराची दुसरी रेकॉर्ड घ्यायला गेले आणि खालच्या खोक्यात नदीवरच्या पुलाचं ते गाणं सापडलं, तुझं. मूळ माणसाने गायलेलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं. तोपर्यंत मला ते फक्त तुझ्या आवाजात माहीत होतं.

शेवटच्या ओळीत तो माणूस खालच्या सुरावर अगदी बरोबर उतरतो. मी उपकरण लावून तपासलं, केसाइतकाही फरक नाही. मी ते परत लावलं, आणि पुन्हा एकदा. दर वेळी तो तिथे पोहोचतो आणि मला वाटतं, काहीतरी राहिलंय. मग लक्षात आलं. गिअरचा आवाज येत नाही. खालून सीटची थरथर येत नाही. आणि सूर चुकला हे माहीत असलेला एक माणूस माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आवडतं गाणं आहे. पण ते रेकॉर्डवर नाही. जुलैत मी चार दिवस येतेय, ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन येईन. रविवारी मामींची बाजू झाली की तुझी बाजू रेकॉर्डशिवाय, जेवणाच्या टेबलाशी. गिअर तोंडाने टाकलास तरी चालेल.

खालचा सूर लावायचा प्रयत्न करू नकोस.

तुझी,
मोजपट्टी